आबांची वेबसाईट आणि फुवांचा मान

मुळात प्रश्न फ्लेक्सचा होता.

झुलाल आबांची पहिली आखाजी तोंडावर आली होती. बाकी महाराष्ट्र ज्या दिवशी अक्षय्य तृतीया म्हणून गुंजभर सोनं घेऊन मोकळा होतो, त्या दिवसाला खानदेशात आखाजी म्हणतात आणि तो दिवाळीच्याही वरचा सण असतो. गेलेल्या माणसाच्या नावाने त्या दिवशी घागर भरतात, पुरणपोळी आणि आमरसाचा घास टाकतात, आणि भाऊबंद, सोयरेधायरे सगळे एका पंगतीला जेवतात. अलीकडे या सगळ्याच्या आधी गावाच्या फाट्यावर फ्लेक्सही लावतात. त्या फ्लेक्सची एक ठरलेली रचना आहे. वर देव, देवाखाली गेलेला माणूस, आणि उरलेल्या सगळ्या जागेत न गेलेली माणसं. न गेलेल्यांपैकी निदान दोघांनी गॉगल घातलेला असतो आणि एक जण मोबाईलवर बोलत असतो.

दिपमालाला हे सहन होण्यासारखं नव्हतं. ती जळगावला एका कॉलेजच्या ग्रंथालयात होती आणि तिने आयुष्यभर पुस्तकं नुसती दिली-घेतली नव्हती, वाचलीही होती. एवढं वाचूनही वडील गेल्यावर काय करावं हे कुठे नीट सापडलं नव्हतं. पण काय करू नये, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आबांचा चेहरा गॉगलवाल्यांच्या मध्ये उन्हात फडफडत ठेवायचा नाही. म्हणून अमळनेरजवळच्या गावाहून धाकट्या भावाचा, कुंदनचा, फोन आला आणि त्याने फ्लेक्सचं काढलं, तेव्हा लाडू मी घेऊन येते म्हणावं तितक्या सहजपणे ती म्हणाली, "फ्लेक्स नको. मी आबांची वेबसाईट करते."



"ताई," कुंदन म्हणाला, "ती फाटावर कशी टांगनी?"

घरात सगळे अहिराणीच बोलत. दिपमाला शिक्षणामुळे पुस्तकी मराठीत गेली होती, ती तिथून पुरती परतली नाही, आणि घरच्यांनीही तिला त्यावरून छेडणं सोडून दिलं होतं.

तिच्या मनातली वेबसाईट अगदी साधी होती. एक फोटो आणि एक पान मजकूर. मजकूर कशाबद्दल, हेही ठरलेलं होतं. आबा शेतकरी होते, पण दोन तालुक्यांत त्यांची ओळख वेगळीच होती. लग्नात कुणी रुसलं की आबांना बोलावत. मुलीच्या आत्याला साडी हलकी निघाली, मुलाच्या काकाला टोपी-टॉवेल द्यायचं राहिलं, कुणाचं नाव पत्रिकेत तिसऱ्या ओळीत गेलं, की ते माणूस मांडवातून उठून जीपमध्ये जाऊन बसे, आणि तिकडून मांडवाकडे बघत राही. मग आबा जीपमध्ये जाऊन बसत. थोड्या वेळाने दोघं उतरत आणि पंगतीला येत. पानावरून उठलेला माणूस पानावर आणून बसवणं, हेच त्यांनी जन्मभर केलं. तेव्हा त्यांच्या स्वतःच्या घागरीच्या पंगतीत एकही पान रिकामं राहू नये, एवढीच दिपमालाची इच्छा होती. ती तिने कुणाला बोलून दाखवली नव्हती. बोलून दाखवण्याची तिला सवय नव्हती.

वेबसाईट करायची कशी, हे तिला शेजारच्या भूषणभाऊंनी समजावलं. भूषणभाऊ टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. जळगावबाहेर त्यांचा एक प्लॉट होता, आणि तो अजून जागेवर आहे की नाही हे पाहायला ते दर रविवारी स्कूटरवर जात. जगातली कुठलीही गोष्ट त्यांना प्लॉटच्या भाषेत सांगता येई.

"ताई, घाबरू नका. वेबसाईट म्हणजे प्लॉट," ते म्हणाले. "तिचं नाव, ते डोमेन की काय, तो तुमचा सातबारा. होस्टिंग म्हणजे जमीन. नुसत्या सातबाऱ्यावर राहता येत नाही आणि नुसत्या जमिनीवर राहिलात तर ते अतिक्रमण."

दिपमालाला हे लख्ख कळलं. घोटाळा झाला तो त्यामुळेच. न कळणारा माणूस चार ठिकाणी विचारतो. कळलेला थेट फॉर्म भरायला बसतो.

"आणि एक," भूषणभाऊ दारातून परत आले, "सातबारा नेहमी खऱ्या मालकाच्या नावावर असावा. मागाहून भानगड नको."

त्यामुळे डोमेनच्या फॉर्मवर जिथे मालकाचं नाव विचारलं होतं, तिथे दिपमालाने आबांचं नाव घातलं. गावातल्या जमिनीत आबांना पुष्कळ हिस्सेदार होते. ही एक तरी जागा त्यांच्या एकट्याच्या नावावर झाली, या समाधानात तिने चहा केला.

चहा होईपर्यंत कंपनीची मेल आली. मालकाने ओळख पटवावी. ओळखपत्र आणि मालकाचा चेहरा, दोन्ही फोनच्या कॅमेऱ्यासमोर. दिपमालाने मेलमधला नंबर फिरवला. बऱ्याच सनईवादनानंतर एक गोड आवाजाची मुलगी आली.

"मॅम, सर को बोलिए चेहरा गोल के अंदर रखें और एक बार पलक झपकाएँ."

"वो नहीं कर सकते," दिपमाला म्हणाली.

"नेटवर्क का इश्यू है क्या, मॅम?"

दिपमालाने जरा विचार केला.

"हाँ," ती म्हणाली.

"कोई बात नहीं मॅम. सर नेटवर्क में आ जाएँ तब कर लीजिएगा. और कोई सहायता?"

और कोई सहायता नको होती. फोन ठेवून तिने कप उचलला, तर तो गार. मग चहा पुन्हा गरम केला.

"वारस लावायच्या फंदात पडू नका," भूषणभाऊंनी सल्ला दिला. "माझ्या प्लॉटवर अजून आजोबांचं नाव आहे, आणि आजोबा मी शाळेत असताना गेले. तुम्ही आपला दुसरा प्लॉट घ्या." तिने दुसरं नाव घेतलं, या वेळी स्वतःच्या मालकीने, आणि पलक झपकवून दाखवली.

पुढची पायरी साच्याची. वेबसाईटचे तयार साचे असतात, त्यातला एक निवडायचा आणि आपला मजकूर भरायचा. दिपमालाने फिकट निळा, भरपूर मोकळी जागा असलेला, शांत साचा निवडला. तो दंतवैद्याचा निघाला. त्यातली हसरी माणसं काढता आली, कवळ्या काढता आल्या, पण डाव्या कोपऱ्यातली एक दाढ काही केल्या हलेना. दाढ काढणं जाणकारालाही जड जातं, अशी तिने मनाची समजूत घातली आणि दाढ राहू दिली. (पुढे ही दाढ पाहून आई एवढंच म्हणाली, "त्यासना दात तं शेवटलोक चांगला व्हतात." बाकी कुणी त्या दाढेबद्दल अवाक्षर काढलं नाही. आपल्याकडे स्मारकात काय असावं, याबद्दल माणसं फार उदार असतात.)

मजकूर लिहायला तिला बरेच दिवस लागले. एक पान होतं, पण ते ती पुन्हा पुन्हा कमी करत होती. दुःख दिसलं की ती तो शब्द काढी. शेवटी जे उरलं ते वाचून तिला वाटलं, आबांना हे चाललं असतं. मग तिने गावी आईला फोन केला.

"फोटो एकला त्यासनाच शे?" आईने विचारलं.

"हो."

"रतिलालना नही?"

रतिलाल नाना म्हणजे आबांचा पाठचा भाऊ. "नाना कशाला? वेबसाईट आबांची आहे."

"नही टाकशी तं तो घागरले यी," आई शांतपणे म्हणाली, "पन जेवाव नही."

ठीक आहे, नाना. पण नाना आले म्हणजे निंबा फुवा आले. फुवा म्हणजे आबांच्या बहिणीचे, झुंबर फुईचे, यजमान, राहणार साक्री. वय ऐंशीच्या घरात, पण जावई तो जावई. घरचा भाऊ मोठा की घरचा जावई मोठा, हा प्रश्न या घराला निदान चाळीस लग्नं पुरला होता. आबांनी तो सोडवला कधीच नाही. ते नुसते दोघांच्या मध्ये बसत. आणि पाहा, दंतवैद्याच्या साच्यात 'आमचे डॉक्टर' म्हणून एक पट्टी होती आणि तिच्यात तीन गोल चौकटी होत्या, एका ओळीत, सारख्या मापाच्या. जणू कुणीतरी हे घर बघूनच साचा बेतला होता. डावीकडे नाना, मध्ये आबा, उजवीकडे फुवा. दिपमालाने लॅपटॉपपासून दोन पावलं मागे सरकून पाहिलं. कुणाचा केसभरही अपमान होत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने 'आपला परिवार' या ग्रुपवर लिंक टाकली. हात जोडलेले येऊ लागले. एका भाच्याने सवयीने वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा दिल्या आणि परत घेतल्या. मग एक ओळ आली, कुणी न लिहिता आलेली: निंबा फुवा यांनी ग्रुप सोडला.

ग्रुप सोडण्यात एक मोठी उणीव आहे. मांडव सोडणारा माणूस जीपमध्ये तरी बसलेला सापडतो. ग्रुप सोडणारा कुठे जाऊन बसतो, कळायला मार्ग नाही. दिपमालाने फोन लावला.

"फुवा, काय झालं?"

"मले काय व्हई? चांगलं शे आमनं."

"ग्रुप सोडलात म्हणून विचारलं."

"बोट लागी गयं व्हई." मग थांबून, "आते खालेच बसाडेल शे म्हनावर वर राहीसन तरी काय करानं?"

"खाली? फुवा, तुम्ही शेजारी आहात. नाना, आबा, तुम्ही. एका ओळीत."

"मी खाले शे. वर तुना नाना, मंग आबा, आनि बठ्ठास्ना खाले मी."

दिपमालाने लॅपटॉपकडे पाहिलं. तिघं शेजारी-शेजारी बसलेले. "फुवा, माझ्यासमोर आहे ना. शेजारी आहात."

"तुमना जळगावमा शेजारी व्हईन," फुवा म्हणाले. "साक्रीमा मी खालेच शे."

इथे दिपमालाच्या हातून एक वाक्य गेलं. हेतू निखळ काळजीचा होता. ती म्हणाली, "फुवा, एकदा डोळे दाखवून घेता का?"

जावयाला. मेहुण्याच्या पहिल्या आखाजीच्या तोंडावर. फोन बंद झाला.

संध्याकाळी कुंदनने कळवलं की फुवांना म्हातारा, आंधळा आणि बिनकामाचा म्हटल्याची बातमी साक्रीहून धुळ्यामार्गे अमळनेरला पोचली आहे. एसटीपेक्षा लवकर. दिपमालाने तडजोड म्हणून नाना आणि फुवांच्या जागा बदलल्या. तिच्या हिशोबाने यात काहीच बदलत नव्हतं, डावीकडचा उजवीकडे. तासाभरात नानांचा फोन.

"दिपू बेटा, मी रागमा नही बरं."

"हो नाना."

"मले खाले टाक, वर टाक, नको टाकू. मी साधा मानूस. पन आबा गया आनि मनी जागा खाले गयी, हाई बठ्ठा गावनी दखं. आखाजीले मी यीसू. पन पानवर बसाव नही. उभा ऱ्हासू. वाढसू."

"नाना, तुम्ही शेजारी..."

ती थांबली. डोळ्यांचं काढायचं नाही, एवढं ती आता शिकली होती.

उलगडा भूषणभाऊंनी केला, तोही सहज. ते प्लॉटवरून आले, खिशातून फोन काढला, लिंक उघडली आणि म्हणाले, "छान. तीन मजली बांधलंत."

दिपमालाने त्यांच्या फोनमध्ये पाहिलं. सगळ्यात वर फुवा. त्यांच्या खाली आबा. आणि तळाला, एकटेच, नाना.

"अहो ताई, लॅपटॉप म्हणजे रुंद प्लॉट. तिघं शेजारी मावतात," भूषणभाऊ म्हणाले. "फोन म्हणजे अरुंद. आडवं मावलं नाही की बांधकाम वर चढतं. मग कोणीतरी तळमजल्यावर येणारच." आणि तिचा चेहरा पाहून, "फुवांना सांगून बघा ना, तळमजल्याला भाव जास्त असतो."

दिपमालाने दोन म्हाताऱ्या माणसांना, ते खरं सांगत असताना, खोटं पाडलं होतं.  ग्रंथालयात एखाद्याने पुस्तक परत केलेलं असतं, आपण नाही म्हणतो, आणि ते आपल्याच टेबलाखाली सापडतं, तसं. पण तिथे निदान माफी मागून कार्डावर शिक्का मारता येतो.

तोवर तिकडे कुंदनने स्वतःची युक्ती काढली होती. दोन फोटोंचं भांडण दिसतं; वीस फोटोंत ते दिसणार नाही. तो गावातून फोटो पाठवत राहिला आणि दिपमाला, हरलेल्या माणसाच्या आज्ञाधारकपणाने, ते चढवत राहिली. चुलते आले, चुलत चुलते आले, सोसायटीचे चेअरमन आले. गॉगल आले. एक जण मोबाईलवर बोलत आला. आबा चौकटींच्या गर्दीत कुठेतरी मध्ये गेले, आणि त्यांच्यावर लिहिलेला तो एक पान मजकूर इतका खाली सरकला की तिथवर बोट नेणाऱ्याचा अंगठा दुखावा. तो कुणी वाचल्याचं तिला एकाही माणसाकडून कळलं नाही. पाहणारा प्रत्येक जण स्वतःपर्यंत जात होता आणि तिथून परत फिरत होता.

"ताई," कुंदन कौतुकाने म्हणाला, "हाऊ तं फ्लेक्सच व्हयना की. आनि वारामा फाटाव बी नही."

मग त्याचा आवाज उतरला. फुवांनी निरोप दिला होता. येणार नाहीत. फुवा नाहीत म्हणजे फुई नाही. आणि सख्खी बहीण नसताना भावाची घागर भरायची, म्हणजे काय करायचं?

"असं काही झालं की आपण आबांना पाठवायचो," दिपमाला म्हणाली.

"हां," कुंदन म्हणाला. 

आखाजी दोन दिवसांवर असताना दिपमाला सकाळच्या एसटीने निघाली. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून पिशवीत घेतला होता. वैशाखातल्या खानदेशात दुपारच्या एसटीतून जाण्याबद्दल फार लिहू नये. खिडकी उघडली तर भट्टी, बंद केली तरी भट्टी, एवढाच त्यात पर्याय असतो. धुळ्याला गाडी बदलली. साक्रीला उतरेपर्यंत तिने फुवांपुढे मांडायचे मुद्दे मनात नीट लावून ठेवले होते. लॅपटॉप दाखवायचा, रुंद-अरुंद समजवायचं, डोळ्यांबद्दल माफी मागायची, या क्रमाने. मग वाटलं, माफी आधी.

फुवा ओट्यावर खाटेवर बसले होते. रुसलेला असला तरी दारात आलेल्याला "ये" म्हणावंच लागतं. ते "ये" म्हणाले आणि रस्त्याकडे बघू लागले. फुईने आतून पाणी आणून दिलं, दिपमालाकडे एकदा नीट पाहिलं, आणि काही न बोलता लगबगीने आत गेली.

"फुवा, चुकलं माझं. डोळे तुमचे चांगले आहेत. वेबसाईट वाईट आहे."

फुवांनी मान हलवली. ही माफी होती की नव्याने टोमणा, हे ते तपासत असावेत. दिपमालाने लॅपटॉप उघडला, त्यांच्याच फोनवरून नेट घेतलं. बाकीची गर्दी ती रात्रीच उपसून आली होती; त्यात मधली अदलाबदलही पुसली गेली, आणि आता पुन्हा तिघंच होते, जुन्याच क्रमाने, एका ओळीत. फुवांनी चष्मा लावला, पुढे वाकले आणि बराच वेळ पाहिलं.

"बराबर शे," ते म्हणाले. "शेजारीच शेतस."

दिपमालाचा जीव खाली पडतो न पडतो तोच त्यांनी आपला फोन लॅपटॉपच्या बटणांवर आणून ठेवला. "आते हाई दख. साक्रीमा कोनाकडे असा डबा शे? बठ्ठा गाव फोनवरच दखस."

 मग तिला सुचलं. तिने फोन उचलून आडवा धरला. चित्र हललं, फिरलं, आणि नाना, आबा, फुवा एका ओळीत येऊन बसले.

"बघा! फोन आडवा धरला की शेजारी."

फुवांनी तिच्याकडे पाहिलं, रागाने नव्हे, कीव आल्यासारखं. "म्हंजे मना मान दखाले लोकेस्नी फोन आडवा धरना? कोन धरी, बेटा?"

दिपमालाने फोन उभा करून त्यांना परत दिला. फुवांची नजर फोनवरच होती. त्यांच्या फोटोखाली साच्यातलं एक निळं बटण राहून गेलं होतं, आणि ते त्यांनी अक्षर अक्षर लावत वाचलं: 'अपॉइंटमेंट घ्या.'

"हाई माझ्याकडून काढायचं राहिलं," दिपमाला घाईने म्हणाली. गडबडीत तिच्या तोंडून अर्धी अहिराणी बाहेर पडली.

"ऱ्हाऊ दे," फुवा म्हणाले. "तेवढं चांगलं शे."

तेवढ्यात झुंबर फुई बाहेर आली. अंगावर नवं लुगडं, हातात भरलेली पिशवी, पायात चपला.

"चाल व माय," ती दिपमालाला म्हणाली. "काल्हदिनथीन वाट दखी ऱ्हायनू मी."

"कुठे?" फुवांनी विचारलं. दिपमालाही तेच विचारणार होती.

"कोठे म्हंजे? माहेरले. मुऱ्हाळी उनी ना मना दारशी."

आखाजीला माहेरवाशीण आपली आपण जात नसते. माहेरून कुणीतरी न्यायला यावं लागतं, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. भावाने यायचं. आबा दर आखाजीला येत. फुईला नातसुना आल्या तरी येत. गेल्या वर्षी काठी टेकत आले होते आणि एसटीत फुईनेच त्यांना हात धरून चढवलं होतं. यंदा कुणाचं येणं आहे, हे फुईने कुणाला विचारलं नाही आणि तिला कुणी सांगितलं नाही. तिने नुसती पिशवी भरून ठेवली होती.

"रतिलाल यी असं वाटनं व्हतं," फुई म्हणाली. "पन तो फोटोमा गुतेल शे."

 आपण मुऱ्हाळी नाही, आपण रुंद-अरुंद समजवायला आलो होतो, हे सांगण्याची ही जागा नव्हती. तिने लॅपटॉप मिटला.

"पोर कोठे मुऱ्हाळी ऱ्हास का?" फुवा म्हणाले.

"भाऊ नही तं भाऊनी पोर. तुम्हीन ऱ्हा घर, तुमना रुसवा चालू शे. भाकरी टोपलीमा शेतस. दोन दिन पुरतीन." आणि ओट्याची पायरी उतरत, "शिळ्या लागतीन जराश्या."

फुवा टोपलीच्या दिशेने एकदा पाहते झाले. मग खुंटीवरची टोपी काढून त्यांनी डोक्यावर ठेवली. "मी फोटोकरता येत नही," ते दिपमालाला म्हणाले. "दोन्ही बाया एकल्या कशा जातीन, म्हनीसन येस."

परतीच्या एसटीत तीनचं बाकडं मिळालं. खिडकीशी फुई, मध्ये दिपमाला, कडेला फुवा, तोंड दुसरीकडे. कुसुंबा गेल्यावर फुई म्हणाली, "दखाड व मले तुनी ती वेबसाईट. मले कोनी दखाडीच नही."

दिपमालाने फोन तिच्या हातात दिला. फुई गहू निवडावेत तशी बोटाने चित्रं सरकवू लागली. धाकटा भाऊ आला, तो वर सारला. थोरला आला, तिथे बोट थांबलं. तिने पदराने काच पुसली, काच स्वच्छच होती, आणि पुन्हा पुसली. मग नवरा आला, तो भर्रकन वर सारला.

"बठ्ठास्ना खाले काय लिखेल शे?"

"मी लिहिलंय. आबांबद्दल."

"वाच."

एसटीच्या खडखडाटात दिपमालाने ते पान मोठ्याने वाचलं. पुढच्या बाकावरच्या बाईनेही मान वळवली. जीपमध्ये जाऊन बसलेली माणसं, त्यांच्या शेजारी जाऊन बसणारे आबा, आणि पंगत. वाचून झालं तेव्हा तिला फुईकडे बघायचा धीर झाला नाही. शेजारून हसण्याचा आवाज आला.

"लोकेस्ना रुसवा काढे," फुई पदर तोंडाला लावून हसत होती. "आनि घरमा तोच रुसे! जेवताना ताट सारी दे आनि गोठामा जाईसन बसे. मंग मी जाऊ. मी त्यानाजोगे बसू, काहीच बोलू नही. भूक लागनी की आपसूक उठे." तिने डोळे पुसले. "तो काय कोना पोटमाथीन शिकी उना व्हता का? मन्हापाशीच शिकना."

हे आबांनी कधी सांगितलं नव्हतं. 

"बरं," फुई म्हणाली, "मी कोठे शे याम्हा?"

"अं?"

"मना फोटो. तुनी मायना बी दिखना नही. पन ती बोलाव नही, मी बोलस. मी झुलालथीन मोठी शे. रतिलालले तं मी काखमा खेळाडं. मारेल बी शे."

हे दिपमालाला माहीत नव्हतं असं नाही. सगळ्या घराला माहीत होतं. चाळीस लग्नांत भाऊ मोठा की जावई मोठा हे मोजत आलेल्या त्या घराने, आणि एवढी पुस्तकं वाचलेल्या दिपमालाने, या बाजूने कधी मोजलंच नव्हतं. तिने फोनचा कॅमेरा उघडला. फुईने पदर डोक्यावर सारखा केला आणि वारा तो पुन्हा उडवत असतानाच हसली. दिपमालाने फोटो काढला.

"तुम्हाला कुठे टाकू, फुई?"

"कोठे म्हंजे? वर. बठ्ठास्ना वर. मंग तुनी माय. मंग झुलाल."

धुळ्याची पाटी दिसू लागली होती आणि फोनला चांगलं नेटवर्क आलं होतं. दिपमालाने तिथल्या तिथे फोटो चढवला, सगळ्यांत वर. नाना यावर काय म्हणतील याचा तिने क्षणभर विचार केला, आणि लक्षात आलं की नाना काहीही म्हणू शकणार नाहीत. उभं राहून वाढणंही आता त्यांना जमणार नव्हतं. फुई त्यांना कान धरून पानावर बसवेल.

कडेच्या सीटवरून घसा खाकरल्याचा आवाज आला. फुवांनी आपला फोन बाहेर काढला होता, चष्मा लावला होता, आणि अंगठ्याने ते खाली खाली चालले होते, बरेच खाली.

"आनि मी?" त्यांनी विचारलं.

फुई खिडकीबाहेर बघत होती. तिने मानही वळवली नाही.

"तुम्हीन फोन आडवा धरा."